पूजेला ठेवलेलं मॅग्नम

आमच्या घरात चक्र फिरवायला बंदी होती. चक्र म्हणजे रिव्हॉल्वरमधलं, ज्यात गोळ्या बसतात ते. ते फिरलं की त्याच्या निळ्याकाळ्या झिलईवर सुईनं ओढल्यासारखी एक बारीक रेघ उमटते. जाणकार माणूस रिव्हॉल्वर हातात घेतल्यावर आधी ती रेघ शोधतो. रेघ ठळक असली तर वस्तू वापरलेली. रेघ नसली तर ती कारखान्यातून निघाली तशीच कोरी, आणि मग बघणाऱ्याच्या तोंडावर असं काही तेज येतं, की तसं मी आमच्या ह्यांच्या तोंडावर आमच्या लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं.

"न वापरलेल्या वस्तूलाच खरं मोल असतं," असं हे पाहुण्यांना समजावून सांगत. मी तेव्हा चहाचा ट्रे घेऊन शेजारी उभी असे. त्या घरात सगळ्यात जास्त वापरलेली वस्तू मीच होते. पाहुणे साखर एक चमचा की दोन एवढंच सांगत.

आम्ही डब्लिनला राहतो, ओहायोतल्या. हल्ली आयटीत नोकरीला आलेली पुण्या-नागपूरची इतकी मुलं आसपास राहतात, की भाजीच्या दुकानात मराठीत कुरकुरायची सोय उरलेली नाही, लगेच कुणीतरी वळून "काकू, मीपण पुण्याचाच" म्हणतं. आम्ही आलो तेव्हा असं नव्हतं. हे हाडांचे सर्जन. पहिली नोकरी लागली ती इथून दोन तासांवरच्या एका लहानशा गावात. भोवती मका, मध्ये एक चर्च आणि एक हॉस्पिटल. लोक ह्यांच्याकडून मोडलेली हाडं बसवून घेत आणि जाताना नर्सला विचारत, की खरे डॉक्टर कधी येणार आहेत. हे घरी येऊन जेवत आणि एक शब्द बोलत नसत.

मग एका शेतकऱ्याचा पाय ट्रॅक्टरखाली सापडला. ह्यांनी तो वाचवला. पायावर उभा राहिल्यावर त्या माणसानं ह्यांना घरी बोलावलं, व्हरांड्यात बसवलं आणि आतून एक लाकडी पेटी आणून ह्यांच्या मांडीवर ठेवली. पेटीत मखमलीवर चव्वेचाळीस कॅलिबरचं मॅग्नम रिव्हॉल्वर होतं. थोराड बांध्याचं, लांब नळीचं, अक्रोडाच्या लाकडाची मूठ असलेलं. "घ्या हातात, डॉक," तो म्हणाला. या देशात ह्यांना पहिल्यांदा कुणीतरी आपल्या घरातली जपलेली गोष्ट हातात दिली होती. त्या संध्याकाळी हे माझ्याशी तासभर बोलत होते. सगळं रिव्हॉल्वरबद्दल, पण बोलत होते. मलाही त्या शेतकऱ्याचे आभार मानावेसे वाटले. पुढे काय वाढून ठेवलंय ते मला काय माहीत!

वर्षभरात ह्यांनी स्वतःचं पहिलं आणलं. मग दुसरं. पुढे आम्ही डब्लिनला मोठ्या घरात आलो आणि तळघरात माणसाएवढी उंच तिजोरी आली. लोक घरात झोपाळा बसवतात, आम्ही तिजोरी बसवली.

त्या लोखंडात आहे तरी काय, हे मी ह्यांना नाना परींनी विचारलं. उत्तर मोठं मिळायचं. हल्लीची पिस्तुलं प्लास्टिकची, हलकी, भराभर गोळ्या ओकणारी. पोलिसांनीही तीच घेतली, आणि ही जुनी थोराड धुडं मागे पडली. पण त्यांचा एकेक भाग कुणा कारागिरानं हातानं कानस मारून बसवलेला असतो. नळी निसटू नये म्हणून तिच्यात आडवी पिन ठोकलेली असते, पुढे खर्च वाचवायला कारखान्यानं ती ठोकणंच बंद केलं. झिलईखालचं पोलाद इतकं घासलेलं असतं, की त्यात आपला चेहरा दिसतो. नव्या मालाच्या अंगावर किल्ली घालायचं एक बारीक भोक असतं, पोराबाळांच्या हाती पडलं तर चाप ओढला जाऊ नये म्हणून. ते भोक पाहिलं की ही सगळी मंडळी नाकं मुरडतात. कुलूप लावायची सोय म्हणजे त्यांच्या लेखी शारीरिक व्यंग. ज्याला कुलूप नाही ते खानदानी.

एकदा मीही हातात घेतलं होतं. पांढरे सुती हातमोजे घालून, कारण बोटांच्या घामानं पोलादाला डाग पडतो. वजन सबंध मनगटात उतरलं. चक्र बाजूला काढून पुन्हा आत बसवलं की एक आवाज होतो, चांगल्या जुन्या कपाटाचं दार लागावं तसा, भरीव, खात्रीचा. मला तो आवडला. आणि मला तो आवडला याचा इतका राग आला, की मी मोजे काढून ह्यांच्या अंगावर टाकले आणि वर येऊन कणीक मळली.

ह्यांच्याबरोबर मी काही वेळा गन शोलाही गेले. नाव शो, प्रत्यक्षात जत्रेच्या मैदानावरचा एक मोठा हॉल, लांबच लांब टेबलं आणि त्यांच्यामागे साठी ओलांडलेले पुरुष. पुढे हिरवं कापड, कापडावर रिव्हॉल्वरं. गोळी झाडण्याबद्दल तिथे फारसं कुणी बोलत नसे. कोणत्या साली झिलईचा रंग बदलला, कोणत्या साली मुठीवरची नक्षी बारीक झाली, पेटी मूळची आहे की नंतरची, यावर माणसं अशी वाद घालत जशी आपल्याकडे पत्रिकेवर घालतात. मी बाजूच्या खुर्चीत बसून त्यांची तोंडं बघत असे. बहुतेकांचे कारखाने बंद पडलेले, मुलं लांबच्या राज्यांत. ज्या साली ती रिव्हॉल्वरं निघाली त्या साली ही माणसं वीस-बावीसची होती, आणि तेव्हा दुकानाच्या काचेतून नुसती बघण्यापलीकडे त्यांच्या हातात काही नव्हतं. आता ती काच हटली होती. त्यांचं मला कळत होतं. ते आपलं तरुणपण उचलून घरी नेत होते.

आमच्या ह्यांचं मात्र कळत नव्हतं. ह्यांचं विशीतलं वय गेलं मिरजेच्या हॉस्टेलवर, पिठलं-भात खाऊन. त्या वयात ह्यांनी खेळण्यातली टिकल्यांची बंदूकही विकत घेतली नसेल. हे दुसऱ्यांच्या आठवणी जमवत बसले होते, कारण त्या हॉलमध्ये शिरलं की चार जण उठून "डॉक आले" म्हणत. एवढ्यासाठी! माणसाला किती थोडं पुरतं, आणि त्या थोडक्यासाठी तो घरच्यांना किती मोजायला लावतो, हे मी त्या हॉलमधल्या बेचव कॉफीचे घोट घेत शिकले.

पुढे ह्यांना खंडेनवमी सुचली. ह्यांचे वडील तहसील कचेरीत कारकून. त्यांच्या सात पिढ्यांत कुणी लढाई लांबूनही पाहिली नव्हती. खंडेनवमीला त्यांच्या घरी पाटावर विळी, अडकित्ता आणि कात्री ठेवायचे, आणि दारातल्या सायकलला झेंडूची माळ घालायचे. इथे ह्यांनी पाटावर रिव्हॉल्वर ठेवायला सुरुवात केली, संग्रहातलं सगळ्यात चांगलं, त्या शेतकऱ्यानं पुढे ह्यांनाच देऊन टाकलेलं ते पहिलं मॅग्नम. मी एकदा म्हटलं, "अहो, तुमची हातोडी आणि छिन्नी ठेवा की. ज्या हत्यारांनी माणसं पायावर उभी केलीत, ती खरी पूजेची."

"ती हत्यारं झाली," हे म्हणाले. "मी शस्त्राबद्दल बोलतोय."

पूजेत सगळं बेतानं असे. मुठीवर गंधाचं बोट, नळीवर हळदकुंकवाची टिकली, एक झेंडू. आरती झाली की लगेच मऊ फडक्यानं पुसून, तेलाचा हात फिरवून ते परत तिजोरीत. संध्याकाळी मराठी मंडळातली आयटीतली मुलं खास ते बघायला येत. "काका, सॉलिड आहे यार! फोटो काढू का? पुण्यात दाखवतो, कुणी बिलीव्हच नाही करणार." हे हसत, मिशीतल्या मिशीत. मी त्यांना साबुदाणा वडे वाढत असे.

आता लेकीबद्दल. ती मॉरिसव्हिलला असते, नॉर्थ कॅरोलायनात. नवरा-बायको दोघंही सॉफ्टवेअरमध्ये, एक मुलगी. नात लहान होती तोवर सगळी आमच्याकडे येत. मग नात शाळेत जाऊ लागली आणि शाळेत त्यांना शिकवलं, की बंदूकवाला आला तर दिवे घालवून कोपऱ्यात कसं बसायचं, आवाज कसा करायचा नाही. पाच वर्षांच्या मुलांना. त्यानंतर ती पोर कुणाच्याही घरी गेली की आधी लपायची जागा शोधून ठेवी. मी त्यांच्याकडे गेले होते तेव्हा तिनं मला कपडे वाळवायच्या यंत्रामागची फट दाखवून हळूच सांगितलं, "आजी, इफ समथिंग हॅपन्स, यू गो बिहाइंड द ड्रायर. आय चेक्ड. तू मावतेस." मी न्हाणीघरात जाऊन रडून आले.

त्याच वर्षी लेकीनं फोनवर सांगितलं. "बाबा, जोवर घरात गन्स आहेत तोवर आम्ही येणार नाही."

"तिजोरीत आहेत. तिजोरीला कोड आहे. गोळ्या वेगळ्या आहेत. मी सर्जन आहे, निष्काळजी माणूस नाही."

"आय नो, बाबा. इट्स नॉट अबाउट द लॉक. तिला झोप लागणार नाही. मलापण नाही."

"माझ्या घरात काय ठेवायचं ते मला नातीकडून शिकायचं नाही," हे म्हणाले आणि फोन माझ्या हातात दिला.

मग ते आले नाहीत. दिवाळ्या गेल्या, उन्हाळ्याच्या सुट्ट्या गेल्या. मीच एकटी मॉरिसव्हिलला जात राहिले. हे आले नाहीत, ह्यांना मान हवा होता. माझे गुडघे आधीच गेलेले. विमानतळावर व्हीलचेअर सांगावी लागे, आणि दर वेळी परतताना वाटे की आता पुढच्या वेळी हे जमायचं नाही. हाडांच्या चांगल्या सर्जनची बायको मी, पण ते असो. मला या वयात एकच गोष्ट हवी होती. नातीनं माझ्या घरी यावं, माझ्या स्वयंपाकघरात माझ्या मध्येमध्ये करावं, माझ्या अंथरुणात पाय पसरून झोपावं. तिच्या घरी मी पाहुणी होते. माझ्या घरी मी तिची आजी झाले असते.

गेल्या वर्षी पितृपक्षात मी बॅग भरली. ह्यांना सांगितलं, की मी लेकीकडे जातेय आणि परत यायचं तिकीट काढलेलं नाही. आदळआपट केली नाही. ह्यांनी बॅगेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि त्या शेतकऱ्याला फोन लावला. आता तोही ऐंशीच्या घरात. त्याचं तळघर कोरडं होतं, तिजोरीही होती. "सध्या तुझ्याकडे ठेव," ह्यांनी सांगितलं.

दोन दिवस पाठवणी चालली. एकेक रिव्हॉल्वर तेल लावून, जुन्या बनियनमध्ये गुंडाळून, पेटीत घालून. हे दर पेटीवर एकदा ओल्या डोळ्यांनी हात फिरवत. आमच्या लेकीला पहिल्यांदा हॉस्टेलवर सोडलं तेव्हा ह्यांचे डोळे कोरडे होते. तरीसुद्धा मला ह्यांचा अभिमान वाटला. उगाच कशाला नाही म्हणू? शेतकऱ्याचा ट्रक निघून गेल्यावर मी ह्यांच्या आवडीचं भरलं वांगं केलं आणि लेकीला फोन केला. तिनं मला तीच गोष्ट दोनदा सांगायला लावली. मग म्हणाली, "बाबांना थँक यू सांग. आम्ही दसऱ्याला येतो."

अष्टमीच्या संध्याकाळी गाडी ड्राइव्हवेत शिरली. नात उंच झाली होती. समोरचे दोन दात पडून नवे आले होते, ते माझ्या घराबाहेरच. तिनं बूट काढले आणि सरळ आजोबांसमोर जाऊन उभी राहिली.

"आबा, इज इट ट्रू? ऑल गॉन?"

"ऑल गॉन," हे म्हणाले.

तिनं त्यांच्या कमरेला मिठी मारली. ह्यांचा हात तिच्या डोक्यावर होता. मी पाहत होते आणि मला वाटलं, संपलं एकदाचं. ती माझ्याजवळ झोपली, अगदी मनात होतं तशी, आडवीतिडवी, माझ्या पोटावर पाय टाकून. झोपण्यापूर्वी तिनं लपायची जागा विचारली नाही.

सकाळी मी पुरण शिजायला टाकलं होतं. लेक वरच्या मजल्यावर अंघोळीला गेली होती, जावई बाहेर चालायला. ह्यांची पूजा झाल्याचं घंटेवरून कळलं. आमचं देवघर म्हणजे जिन्याखालची कोट ठेवायची जागा, तिथले हँगर काढून ह्यांनीच बनवलेली. मी वाटीत दूधसाखर घेतली, नातीला हाक मारली आणि म्हटलं, "बाळा, हे देवबाप्पापुढे ठेवून ये. हळू हं, सांडू नको."

ती दोन्ही हातांनी वाटी धरून गेली.

परत येईना म्हणून मी गेले. वाटी देवघराच्या दाराबाहेर, जमिनीवर, भिंतीला लावून नीट ठेवलेली. थेंब सांडला नव्हता. आत समई जळत होती आणि पाटावर, देवांच्या पायाशी, ते मॅग्नम होतं. नळीवर ओलं कुंकू, मुठीवर गंध, वर झेंडू. घराचं पुढचं दार सताड उघडं.

ती रस्त्याच्या कडेच्या आमच्या टपालपेटीपाशी उभी होती, नुसत्या मोज्यांवर, ऑक्टोबरच्या गारठ्यात. तिला शाळेत शिकवलं होतं, की बंदूक दिसली तर थांब, हात लावू नको, तिथून निघ आणि मोठ्या माणसाला सांग. तिनं बरोबर तसंच केलं होतं. फक्त सांगायचं कुणाला, हे तिला कळत नव्हतं, कारण ती ज्यांना सांगणार त्यांच्याच घरात ती बंदूक होती. मी जवळ गेले तर ती मागे सरकली. "मी टच नाही केलं, आजी," ती म्हणाली. "आय प्रॉमिस. मी टच नाही केलं." पुन्हा पुन्हा तेच, जणू गुन्हा तिनं केला होता.

एवढ्यात हे दारात आले. ह्यांना वाटलं, पोरीची समजूत काढणं अगदी सोपं आहे. दाखवलं की झालं. "अगं, घाबरतेस काय? रिकामं आहे ते! पूजेला ठेवलंय. हे बघ, हे बघ!" असं म्हणत हे ड्राइव्हवेवर उतरले, सोवळ्यात, उघड्या अंगानं, कपाळाला गंध, आणि हातात ते हातभर लांबीचं रिव्हॉल्वर. चक्र उघडून तिला दाखवायला.

तिनं किंकाळी फोडली. नंतर कितीतरी दिवस काहीही ऐकताना मला मागे तीच ऐकू येई. ती रस्त्यावर धावत सुटली. समोरच्या घरातली बाई पानं गोळा करायचा पंजा टाकून आत पळाली. सुदैवानं जावई कोपऱ्यावरून वळत होता, त्यानं तिला उचललं. त्यानंच समोरच्या घरी जाऊन हात जोडले, माफी मागितली, सणाचं सांगितलं. नाहीतर त्या सकाळी पोलिसांनी उघड्या अंगाच्या, हातात रिव्हॉल्वर घेतलेल्या सावळ्या म्हाताऱ्याला आधी काही विचारलं असतं की नाही, ते मी अजून मनात येऊ देत नाही.

लेक ओल्या केसांनी खाली आली. तिला काही सांगावं लागलं नाही. ह्यांनी रिव्हॉल्वर बुटांच्या कपाटावर ठेवून दिलं होतं.

"बाबा, यू प्रॉमिस्ड."

"एकच ठेवलं होतं. सणापुरतं. बाकी सगळी दिलीच ना?"

"तुम्ही तिच्या तोंडावर सांगितलंत, ऑल गॉन."

"पूजेला ठेवलेलं शस्त्र म्हणजे काय बंदूक असते?" हे म्हणाले. आणि सगळ्यात वाईट हे, की हे खोटं बोलत नव्हते. ह्यांना मनापासून तसंच वाटत होतं. पाटावर ठेवलं, कुंकू लावलं, की ते ह्यांच्या लेखी देवाघरचं झालं. आता त्याला नातही घाबरू शकत नाही, कायदाही लागू होत नाही, दिलेला शब्दही नाही. असं वाटायला माणूस डॉक्टर असला तरी चालतो, निम्मं आयुष्य अमेरिकेत काढलेला असला तरी चालतो.

लेक वळून वर गेली. तिनं भराभर बॅगा भरल्या. मी आदल्या दिवशी केलेले लाडू डब्यात घालून गाडीपाशी नेले. नात मागच्या सीटवर आधीच पट्टा लावून बसली होती. मी काचेला हात लावला. तिनं आतून हात लावला नाही, पण माझ्याकडे बघत राहिली. तिची नजर रागाची नव्हती. मला ती कीव वाटली. या घरात मी राहते, याची.

गॅसवर पुरण खाली लागून काळं झालं होतं. 

दसऱ्याच्या सकाळी तळमजल्यावरून आवाज आला, कुणीतरी पोटात मार बसल्यावर काढावा तसा. मी गुडघे धरत खाली गेले. बुटांच्या कपाटावर ते रिव्हॉल्वर आदल्या दिवसापासून तसंच पडलेलं. दर वर्षी लगेच पुसलं जाणारं ओलं गंध, कुंकू, झेंडूचं पाणी दिवसभर आणि सबंध रात्र पोलादावर बसलेलं. ह्यांनी आता ते पुसलं होतं, आणि खाली गंज निघाला होता. नळीवर करड्या, खरबरीत खळ्या, टिकलीच्या आकाराच्या. झिलई गेली ती गेलीच. पुन्हा देता येते, पण मग ती मूळची राहत नाही, आणि मूळची नसली की जमवणारे ढुंकून बघत नाहीत.

हे जमिनीवर बसले होते आणि रडत होते.  ह्यांची आई गेल्याचा फोन आला तेव्हा हे ऑपरेशनला निघून गेले होते. नात किंचाळत रस्त्यावर पळाली त्याला एक दिवस झाला होता, त्यावर ह्यांनी चकार शब्द काढला नव्हता. मी जिन्यावर उभी राहून ते रडणं पूर्ण होईपर्यंत ऐकलं. मला दया आली असती तर बरं झालं असतं. आली नाही.

शनिवारी तो शेतकरी आला. ह्यांनी त्याला जेवणाच्या टेबलाशी बसवलं, मध्ये फडकं पसरलं. म्हाताऱ्यानं डोळ्याला भिंग लावून नळी वरपासून खालपर्यंत पाहिली, भिंग काढलं आणि ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "ओह, डॉक," एवढंच म्हणाला. आमच्याकडे दहाव्याला भेटायला आलेली माणसं बसतात तसे दोघं बसले होते. मी कॉफी ठेवली. म्हाताऱ्याला आठवण झाली, तसा माणूस चांगला आहे. त्यानं मला विचारलं, "नात आली होती ना? मजा आली?"

माझ्याआधी ह्यांनीच उत्तर दिलं. "आली होती. शॉर्ट व्हिजिट."

लेक आता माझे फोन घेते, ह्यांचे घेत नाही. नात स्क्रीनवर येते, शाळेचं सांगते, आणि मागे काही हललं की विचारते, "इज आबा देअर?" तिकडे जावं तर डॉक्टरांनी मला विमान बंद केलंय, आणि आठ तास गाडीत हे गुडघे टिकणार नाहीत. तिनं इथे यावं, हे आता मी बोलून दाखवत नाही. बोलले तर ती बिचारी काहीतरी कारण शोधेल, आणि तिला माझ्याशी खोटं बोलायला लावायची माझी इच्छा नाही.

थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे इथे मुलं घरी येण्याच्या सणाच्या, आदल्या दिवशी दुपारी ड्राइव्हवेत ट्रकचा आवाज आला. मी खिडकीतून पाहिलं. म्हाताऱ्याच्या ट्रकमध्ये मागे त्या पेट्या होत्या, सगळ्याच्या सगळ्या, ताडपत्रीखाली. हे कोट घालत होते. मी काही विचारायच्या आत ह्यांनीच सांगितलं, शांतपणे, पेशंटच्या नातेवाइकांना समजावून सांगतात त्या आवाजात.

"आता तर पोरं यायचीच नाहीत. मग घरात ठेवायला काय हरकत आहे?"

 चाळीसहून जास्त वर्षं मी या माणसाच्या बोलण्यातल्या चुका काढत आले होते, आणि या वाक्यात चूक काहीच नव्हती. पहिली पेटी उचलून दोघं म्हातारे पायरी चढायला लागले. दोघांचेही हात अडकलेले. हे मला म्हणाले, "अगं, दार धर जरा." आणि मी दार धरलं.